‘सदरहू’चा कैवार

सध्या आपल्या नगरांतून आणि उपनगरांतून, जेथे जेथे चार सुशिक्षित माणसे एखाद्या अर्जाचा, ठरावाचा किंवा करारनाम्याचा मसुदा पुढे घेऊन बसतात तेथे तेथे, एक मत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की ऐकणारा त्याला प्रमाण मागत नाही आणि बोलणाऱ्यालाही ते देण्याची आवश्यकता भासत नाही. ते मत असे की, ‘सदरहू’ हे विशेषण मृत झाले आहे, त्याच्या जोडीचे, त्याच अर्थाचे ‘मजकूर’ मरणपंथास लागले आहे, आणि या दोघांना दप्तरातून कायमचे बाहेर काढून त्यांच्या जागी ‘हा’, ‘ही’, ‘हे’ एवढे लिहिले की आपली मराठी सोपी, स्वच्छ आणि आधुनिक होईल. हे मत विद्वानांच्या परिसंवादात ऐकू आले असते तर त्याची उपेक्षा करता आली असती. परंतु मुंबईतील चारकोपसारख्या वसाहतीत, जिची उभारणीच कागदावर झाली आणि जिच्यातील प्रत्येक घराचा हक्क आजही दोन-तीन कागदांच्या आधारावर उभा आहे, तेथील सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांतून जेव्हा हेच मत टाळ्या घेते, तेव्हा स्वस्थ बसणे हा अपराध ठरतो. म्हणून या एका विशेषणाचा कैवार घेऊन मी लिहीत आहे, आणि तो घेताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे हे न्यायाचे होय. त्याचे आरोप चार आहेत. पहिला आरोप निरर्थकतेचा: ‘सदरहू खोली’ आणि ‘ही खोली’ यांत अर्थाचा भेद नाही, आहे तो केवळ ऐटीचा. दुसरा आरोप परकेपणाचा: हा शब्द फारसी दरबारातून आला, दरबार गेला, त्याबरोबर शब्दानेही जावे. तिसरा आरोप दुर्बोधतेचा: सामान्य माणसाला तो समजत नाही, आणि लोकशाहीत जे लोकांना समजत नाही ते टिकू नये. चौथा आरोप कुरूपतेचा: हा कारकुनी शब्द आहे, त्याला कचेरीच्या शाईचा वास येतो, साहित्याच्या अंगणात त्याला स्थान नाही. असे हे आरोपपत्र आहे. ते ऐकावयास नेटके वाटते, आणि त्यातील एकही कलम तपासणीत टिकत नाही.

निरर्थकतेचा आरोप प्रथम घेऊ, कारण बाकीच्या तिन्हींचे मूळ त्यात आहे. ‘हा’ आणि ‘सदरहू’ यांचा अर्थ एकच, असे म्हणणाऱ्याने ‘हा’ हा शब्द कसा वागतो याकडे कधी लक्ष दिले आहे काय? ‘हा’ हे बोट दाखविणारे सर्वनाम आहे. बोलणारा जेथे उभा असेल तेथून जे जवळ ते ‘हे’ आणि जे दूर ते ‘ते’. म्हणजे या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या शरीराला, त्याच्या उभे राहण्याच्या जागेला आणि त्याच्या काळाला बांधलेला असतो. दोन माणसे समोरासमोर बसून बोलत असतात तोवर या व्यवस्थेत काही उणे नाही. परंतु कागदाला बोट नसते. कागद एका ठिकाणी लिहिला जातो, दुसऱ्या ठिकाणी नोंदविला जातो, तिसऱ्या ठिकाणी ठेवला जातो, आणि लिहून देणार व लिहून घेणार हे दोघेही हयात नसताना चौथ्या ठिकाणी, त्या जागेशी ज्याचा काडीचाही परिचय नाही अशा न्यायाधीशापुढे, वाचला जातो. त्या वेळी ‘ही जमीन’ म्हणजे कोणती जमीन? ज्या जमिनीवर न्यायालय उभे आहे ती? शेवटच्या वाक्यात आली ती? की ज्या जमिनीबद्दल लिहिणाऱ्याच्या मनात विचार चालला होता ती? ‘सदरहू’ हे विशेषण या सर्व शक्यतांना एकाच वेळी निकालात काढते. अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती, अग्रभाग, मानाची जागा. ‘सदरहू’ म्हणजे जिचा उल्लेख याच कागदाच्या वरच्या भागात आला आहे ती वस्तू, आणि त्यावाचून अन्य कोणतीही नव्हे. ते सृष्टीकडे बोट दाखवीत नाही. ते कागदाकडे बोट दाखविते. त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या देहाबरोबर नष्ट होत नाही, कारण तो अर्थ कागदातच राहतो. ज्या शब्दाने भाषेला बोलणाऱ्याच्या मरणानंतरही अचूक राहण्याचे सामर्थ्य दिले, त्याला निरर्थक म्हणणे हे भाषेच्या कार्याविषयीचे अज्ञान होय.

यावर कोणी म्हणेल की मराठीत लिंगभेद आहे, आणि ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांनीच कोणती वस्तू अभिप्रेत आहे ते कळून येते. घर म्हटले की ‘ते’, गाळा म्हटला की ‘तो’, खोली म्हटली की ‘ती’. मग संदिग्धता कोठून येणार? हा युक्तिवाद करणाऱ्याने एखादे खरेदीखत डोळ्यांखालून घालावे. जमीन स्त्रीलिंगी, जागा स्त्रीलिंगी, इमारत स्त्रीलिंगी, चाळ स्त्रीलिंगी, खोली स्त्रीलिंगी, मिळकत स्त्रीलिंगी, आणि या सर्वांवर जिची मालकी किंवा देखरेख आहे ती संस्थाही स्त्रीलिंगी! स्थावर मालमत्तेविषयीची जवळजवळ सर्व महत्त्वाची मराठी नामे एकाच लिंगात येऊन बसली आहेत. अशा कागदात ‘ती विकता येणार नाही’ असे लिहिले तर काय विकता येणार नाही, याचा निर्णय व्याकरण करणार नाही. तो वकील करतील, आणि त्यांचे शुल्क पक्षकार भरतील.

हा प्रश्न हवेतला नाही, हे चारकोपला जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचित दिसेल. १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाखाली म्हाडाने ही वसाहत वसविली, आणि तिची कल्पना नेहमीच्या सरकारी गृहनिर्माणाहून अगदी निराळी होती. सरकारने येथे तयार घरे वाटली नाहीत. आखलेले भूखंड, रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण एवढ्या सोयी दिल्या, आणि घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावे असे ठरविले. अनेक भूखंडधारकांची मिळून एक सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. जमीन भाडेपट्ट्याने संस्थेकडे आली. वरचे बांधकाम सभासदाचे झाले. आणि संस्थेतील त्याचा भाग शेअर सर्टिफिकेटच्या रूपाने त्याच्या पेटीत जाऊन बसला. पंचवीस मीटर, तीस मीटर, चाळीस मीटर अशा नावांनी लोक ज्यांना ओळखतात त्या या घरांचे पत्ते पाहा: रूम नंबर, प्लॉट नंबर, आरएससी नंबर, सेक्टर नंबर. यातील ‘प्लॉट’ म्हणजे संपूर्ण संस्थेची जमीन. परंतु सभासदाला वाटपात मिळालेला चिमुकला तुकडा, त्यालाही बोलताना आणि लिहिताना भूखंडच म्हणतात! एका शब्दाचे दोन अर्थ, एका घराचे तीन हक्क, आणि बांधकामावर पुढे चढलेला मजला हा चौथा विषय. अशा मिळकतीचा व्यवहार कागदावर उतरविताना ‘हा भूखंड’ असे लिहिणारा मनुष्य सोपे लिहीत नाही. तो पुढच्या पिढीसाठी वाद लिहून ठेवतो. उलट, प्रारंभी सभासदाच्या भूखंडाचे क्रमांकासह वर्णन करावयाचे, चतुःसीमा द्यावयाच्या, आणि तेथून पुढे प्रत्येक वेळी ‘सदरहू भूखंड’ म्हणावयाचे, ही रीत ज्याने घालून दिली त्याने आम्हांवर उपकार केले आहेत.

मृत्युपत्राचेच उदाहरण घ्यावे. चारकोपला राहणाऱ्या, पण ज्याचे मूळ घर रत्नागिरीकडे किंवा सिंधुदुर्गाकडे आहे अशा एखाद्या सद्‌गृहस्थाने आपल्या मृत्युपत्रात येथील खोलीचा आणि तेथील वडिलोपार्जित जमिनीचा विनियोग केला, आणि सोप्या मराठीच्या उपदेशाला मान देऊन सर्वत्र ‘हे घर’, ‘ही जागा’ असेच लिहिले, तर त्याच्या वालीवारसांनी काय करावे? त्याने ते मृत्युपत्र गणपतीसाठी गावी गेला असताना लिहिले की चारकोपच्या माडीवर बसून लिहिले, याचा शोध घेत बसावे? ज्या विशेषणाने भावाभावांतील कज्जा टळतो, त्याला ऐट म्हणणाऱ्यांनी भावाभावांचे कज्जे जवळून पाहिलेले नसावेत.

येथे प्रतिपक्ष आपले सर्वांत प्रिय शस्त्र बाहेर काढतो. तो म्हणतो, ‘इंग्रजांकडे पाहा. त्यांच्याकडेही ‘सेड’ आणि ‘अफोरसेड’ अशी जुनाट विशेषणे होती. तेथे गेल्या अर्धशतकात विधिलेखन सोपे करण्याची चळवळ झाली, तिने ही विशेषणे गाळावयास सांगितले, आणि इंग्रजीचे काही बिघडले नाही. मग आपणच काय म्हणून ही अडगळ सांभाळावी?’ अनुकरण करण्यापूर्वी, ज्याचे अनुकरण करावयाचे त्याची रचना तरी समजून घ्यावी की नको? इंग्रजीला ‘सेड’ टाकून देणे परवडते, कारण तिच्याकडे निश्चित उपपद आहे. ‘फ्लॅट’च्या मागे ‘द’ लावले की तो कोणताही फ्लॅट न राहता आधी सांगितलेला फ्लॅट होतो. शिवाय इंग्रजीपाशी मोठी अक्षरे आहेत. कराराच्या आरंभी एखाद्या मिळकतीची व्याख्या करावयाची आणि पुढे तिचे नाव प्रत्येक वेळी मोठ्या अक्षराने आरंभून लिहावयाचे, म्हणजे ती व्याख्येतील मिळकत होय हे डोळ्याला तत्काळ कळते. जिच्याजवळ ही दोन साधने आहेत, तिला तिसरे साधन अनावश्यक वाटले तर त्यात नवल ते काय? परंतु मराठीला निश्चित उपपद नाही, आणि देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. इंग्रजीत उपपद आणि मोठे अक्षर मिळून जे काम करतात, ते संपूर्ण काम मराठी दस्तऐवजात ‘सदरहू’ हे एकटे विशेषण आजवर करीत आले आहे. इंग्रजीने ते टाकले म्हणून आपणही टाकावे, असे सांगणारा मनुष्य आपल्याला इंग्रजीचे अनुकरण करावयास सांगत नाही. इंग्रजीजवळ जे शिल्लक राहिले तेही आपल्याजवळ राहू नये, असे सांगतो.

मग अवतरणचिन्हांनी काम भागवावे, अशी एक तडजोड सुचविण्यात येते: आरंभी ‘यापुढे ज्यास “गाळा” असे म्हटले आहे’ असे लिहावे आणि पुढे तो शब्द अवतरणात ठेवावा. ही तडजोड सुचविणारे हे विसरतात की मराठी कागद हा केवळ पाहावयाचा नसतो, तो ऐकावयाचाही असतो. सभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. ठराव वाचून दाखविला जातो आणि मग त्याला सूचक व अनुमोदक मिळतात. पंचनाम्याच्या अखेरीस तो पंचांना वाचून दाखविल्याची नोंद असते. आणि ज्याला अक्षरओळख बेताची आहे किंवा ज्याची दृष्टी मंद झाली आहे अशा वृद्ध पक्षकाराला दस्त वाचून, समजावून सांगितल्यावरच त्याचा अंगठा किंवा सही घ्यावयाची असते. अवतरणचिन्हाचा उच्चार कसा करणार? मोठे अक्षर कानाला कसे ऐकू येणार? ‘सदरहू’ ऐकू येते. सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या सभासदालाही ते ऐकू येते, आणि मघाशी ज्या जागेचे वर्णन वाचले तीच ही जागा, हे त्याला कळते. जी भाषा अजूनही मोठ्याने वाचून दाखविली जाते, तिने आपली अचूकता कानाला ऐकू येणाऱ्या शब्दांतच ठेवली पाहिजे.

आता परकेपणाचा आरोप. तो करणाऱ्यांपैकी बहुतेक जण राजव्यवहारकोशाचा आधार घेतात, म्हणून त्याचाच विचार करू. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या हाताखाली सिद्ध झालेल्या या कोशात राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजिले, हे स्वभाषेच्या अभिमानाचे थोर कृत्य होय आणि त्यापुढे आपण नतमस्तक व्हावे हेच योग्य. परंतु त्या कृत्याचा पुढचा इतिहास काय सांगतो? इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून दाखविले की १६२८ च्या कागदात फारसी शब्दांचे प्रमाण शेकडा सुमारे पंचाऐंशी होते, १६७७ च्या कागदात ते सुमारे अडतीसवर आले, आणि १७२८ च्या कागदात ते सहाच्या घरात उतरले. म्हणजे मराठी सत्तेच्या उदयाबरोबर भाषेने शंभर वर्षांत आपली चाळणी आपण केली. जे अनावश्यक ते खाली गळून गेले, आणि ज्याच्यावाचून चालत नव्हते ते वर राहिले. ‘सदरहू’ आणि ‘मजकूर’ हे वर राहिलेल्यांपैकी आहेत. पेशवाईच्या दप्तरात ते पदोपदी भेटतात, मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात त्यांना स्थान आहे, आणि आजच्या खरेदीखतातही ते उभे आहेत. ज्या शब्दाला मराठ्यांच्या स्वराज्याने ठेवून घेतले, त्याला आज आपण कोणत्या अधिकाराने परका म्हणावे?

विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीचीही साक्ष काढली जाते. सावरकरांनी रत्नागिरीहून तिचा पुरस्कार केला आणि ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ यांसारखे अनेक शब्द मराठीला दिले, हे कोण नाकारील? पण ‘दिनांक’ आला म्हणून ‘तारीख’ गेली काय? आपण अर्जाच्या माथ्यावर दिनांक घालतो, आणि न्यायालयात मात्र पुढची तारीखच मागतो. दोन्ही शब्द आपापल्या जागी नांदत आहेत आणि भाषा दोन्हींनी संपन्न झाली आहे. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि पुढे भाषाशुद्धीचा पक्ष घेऊन १९३८ साली जो ग्रंथ लिहिला त्याचे नाव ‘भाषाशुद्धि-विवेक’ ठेवले. ज्याला फारसी येत होती त्याला शुद्धीबरोबर विवेकाचीही गरज वाटली. आणि ज्यांना फारसीचे एक अक्षर येत नाही ते आज विवेकाला फाटा देऊन शुद्धी करावयास निघाले आहेत! त्यांनी आपले म्हणणे तरी शेवटास न्यावे. ‘सदरहू’ परके, तर ज्या वृत्तपत्रीय सदरातून त्याच्यावर टीका होते त्या ‘सदरा’चे काय? रायगडावरील सदरेचे काय? ‘मजकूर’ परका, तर मुद्रकाकडे जाणाऱ्या प्रत्येक मजकुराचे काय? इंग्रजीतील ‘कोर्ट’, ‘जज्ज’, ‘ज्युरी’, ‘अॅटर्नी’ हे सगळे शब्द नॉर्मन विजेत्यांच्या फ्रेंच भाषेतून आलेले. १३६२ साली कायदा करून इंग्लंडने आपल्या न्यायालयांत इंग्रजीला स्थान दिले, तरी त्या शब्दांना हद्दपार केले नाही. जेत्याचे राज्य घालवावे आणि त्याने आणलेली उपयुक्त अवजारे आपल्या घरात ठेवून घ्यावी, यातच शहाणपण आहे.

शुद्धतेच्या भरात ‘सदरहू’च्या जागी जो शब्द आणून बसविला जातो, त्याचेही कुलशील पाहावयास हवे. सरकारी पत्रांतून आणि संस्थांच्या नोटिसांतून आज सर्वत्र ‘उपरोक्त’ हा शब्द दिसतो. संस्कृतात ‘उपरि’ आणि ‘उक्त’ यांचा संधी ‘उपर्युक्त’ असा होतो. ‘उपरोक्त’ हे रूप संस्कृतच्या कोणत्याही नियमाने सिद्ध होत नाही. म्हणजे तीन शतके मराठीत घासूनपुसून निघालेला एक निर्दोष शब्द परका म्हणून घालवावयाचा, आणि त्याच्या जागी व्याकरणदृष्ट्या सदोष असलेला शब्द स्वकीय म्हणून प्रतिष्ठित करावयाचा, अशी ही शुद्धी आहे. ‘उपर्युक्त’ जे जाणून वापरतात त्यांच्याशी माझे भांडण नाही. तो उत्तम शब्द आहे. परंतु शुद्धतेचा ध्वज खांद्यावर घेणाऱ्याने निदान संधी तरी नीट सोडवावा.

तिसरा आरोप दुर्बोधतेचा, आणि तो लोकांच्या नावाने केला जातो. कोणत्या लोकांच्या? ज्यांनी चारकोपचे भूखंड घेतले, म्हाडाच्या कचेरीत खेटे घातले, हप्ते भरले, संस्था नोंदविल्या आणि एकेक वीट चढवून घरे उभी केली त्या लोकांच्या? त्यांना ‘हस्तांतरण’ कळले, ‘नामनिर्देशन’ कळले, ‘भाडेपट्टा’ कळला, ‘मुखत्यारपत्र’ कळले, ‘ना हरकत दाखला’ तर पाठ झाला. आणि एक ‘सदरहू’ तेवढा कळला नाही, असे कोण म्हणतो? ज्याचे घर त्या शब्दावर अवलंबून आहे तो मनुष्य तो शब्द शिकतो. सामान्य माणसाला दस्तऐवज अवघड वाटतो, हे खरे. पण तो अवघड वाटतो तो अर्धे पान ओलांडूनही न संपणाऱ्या, क्रियापद कोठे आहे याचा पत्ता लागू न देणाऱ्या वाक्यामुळे, एका विशेषणामुळे नव्हे. वाक्य सुधारावयाचे कष्ट टाळून शब्दावर दोष ढकलणे ही आळसाची रीत आहे. आणि लोकांविषयीचा हा कळवळा, त्याच लोकांपुढे भाड्याचा किंवा विक्रीचा इंग्रजी करार ठेवताना कोठे जातो? त्यात पानोपानी ‘सेड’ असते, ‘हिअरइनआफ्टर’ असते, ‘व्हेअरॲज’ असते. ते न वाचता, न समजता सही केली जाते, आणि त्याबद्दल कोणाच्याही तोंडून दुर्बोधतेची तक्रार निघत नाही. इंग्रजी शब्द समजला नाही तर दोष आपला, आणि मराठी शब्द समजला नाही तर दोष मराठीचा, हा न्याय कोणत्या लोकशाहीतला?

उरला कुरूपतेचा, कारकुनीपणाचा आरोप. जणू मराठी गद्य हे केवळ कवींच्या आणि कथाकारांच्या लेखणीतून जन्मले! महजर, करीने, तहनामे, वतनपत्रे, निवाडे आणि बखरी यांच्या शेकडो वर्षांच्या व्यवहारात आपल्या गद्याची हाडे घट्ट झाली. मोजके, खणखणीत, नावागावासकट लिहिणे हा गुण मराठीला दप्तराने शिकविला. ‘साल मजकूर’ म्हणजे चालू वर्ष आणि ‘साल गुदस्त’ म्हणजे गेलेले वर्ष, ही जोडी ज्या कारकुनांनी लिहून लिहून रूढ केली, त्यांच्याच लेखणीतून निघालेला ‘गुदस्ता’ हा शब्द आजही गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. त्याला कोणी कारकुनी म्हणत नाही. ज्या शब्दाला काम असते त्याला निराळ्या सौंदर्याची याचना करावी लागत नाही. नेमकेपणा हेच त्याचे सौंदर्य.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, आणि ती मान्य केल्याने माझी बाजू लंगडी न पडता बळकट होते. आज ‘सदर’ हा शब्द अस्थानी फार वापरला जातो. ज्या अर्जाचा आधी उल्लेखच झालेला नाही तो पहिल्याच ओळीत ‘सदर अर्ज’ होतो. बातमीत ‘सदर घटना’ येते, तेव्हा वाचकाला घटना अजून सांगितलेलीच नसते. नोटिशीत ‘सदर सभासदांनी’ असते, आणि कोणते सभासद ते कोठेच नसते. हा अपराध खराच आहे. पण तो कोणाचा? ज्याला शब्दाचा अर्थ माहीत नाही अशा लिहिणाऱ्याचा. आणि त्याला तो अर्थ का माहीत नाही? कारण हा शब्द निरर्थक आहे असे त्याला इतकी वर्षे सांगण्यात आले. प्रथम शब्दाचा अर्थ शिकवावयाचे सोडून द्यावयाचे, मग त्याच्या गैरवापराकडे बोट दाखवावयाचे, आणि शेवटी त्या गैरवापराच्या पुराव्यावर त्याला देशोधडीस लावावयाचे, ही न्यायाची कोणती पद्धत झाली? गैरवापराला उपाय योग्य वापर हाच होय.

शिवाय हे शब्द जेव्हा आपण वर्तमान कागदातून काढतो, तेव्हा भूतकाळाच्या कागदांचीही दारे बंद करतो. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची महाराष्ट्राला एकाएकी आठवण झाली. मोडीचे वळण प्रयत्नाने शिकता येते. पण अक्षर लागूनही ‘मौजे मजकूर’ म्हणजे कोणते गाव आणि ‘सदरहू इसम’ म्हणजे कोण हे ज्याला कळत नाही, त्याला ते कागद वाचता येतात असे कसे म्हणावे? आपल्या पणजोबांच्या जमिनीचा, जातीचा, हक्काचा पुरावा ज्या भाषेत लिहून ठेवला आहे, ती भाषा आपणच परकी ठरवावी आणि मग गरज पडताच तिच्या जाणकारांच्या दारी धाव घ्यावी, हे स्वाभिमानी समाजाचे लक्षण नव्हे.

म्हणून पुन्हा एकदा, आणि अधिक स्पष्टपणे सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. पण भाषेचे वैभव केवळ तिच्या ओव्यांत, अभंगांत आणि नाट्यपदांत नसते. त्या भाषेत मनुष्य आपले घर विकू शकतो का, घेऊ शकतो का, गहाण ठेवू शकतो का, मुलाबाळांना निःसंदिग्धपणे देऊन जाऊ शकतो का, यावरही ते अवलंबून असते. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा केले. ते सिंहासन सणासुदीच्या दिवशी पूजेसाठी दिलेले नाही, रोजचा कारभार करण्यासाठी दिलेले आहे. कारभाराला अचूक शब्द लागतात. ते शब्द आपल्याजवळ आहेत, परंपरेने पारखलेले आहेत, आणि त्यांचे काम करील असा दुसरा शब्द त्यांच्या विरोधकांनी आजवर पुढे आणलेला नाही. ‘हा’ ते काम करीत नाही, ‘तो’ करीत नाही, अवतरणचिन्ह करीत नाही, ‘उपरोक्त’ तर धड उभाही राहत नाही. एकेक नेमका शब्द सोपेपणाच्या नावाखाली काढीत गेलो, तर उद्या मराठीत करार करता येत नाही असा पुकारा होईल, परवा तो पुकारा खरा ठरेल, आणि चारकोपचा सभासद आपल्या स्वतःच्या छपराविषयीचा कागद परभाषेत, दुसऱ्याच्या विश्वासावर सही करून घरी नेईल. ज्यांना हे नको असेल त्यांनी येत्या सभेत, ठरावाचा मसुदा समोर येईल तेव्हा, ‘सदरहू’वर मारलेली काट पुसून टाकावी, आधी वस्तूचे पूर्ण वर्णन करावे, आणि मग ताठ मानेने लिहावे: सदरहू जमीन, सदरहू बांधकाम, सदरहू ठराव. हा शब्द जुना आहे, आणि तो राहिलाच पाहिजे. कारण जे काम तो करतो ते काम अजून संपलेले नाही, आणि कागदावर माणसांचे हक्क लिहिले जातील तोवर ते संपणारही नाही.